जागामालकाचं कनेक्शन

कर भरायचा शेवटचा दिवस, आणि आमच्या बँकॉकच्या ऑफिसातलं नेट सकाळपासून रांगत होतं. नेटवर्क सांभाळणाऱ्या अनुचाला एक निनावी फोन सगळा स्पीड खाताना सापडला. त्याने तो ब्लॉक केला, तसं सगळ्यांचंच नेट गेलं.

“कुणाचा होता रे?” हिशेब बघणाऱ्या ओरावनताईंनी विचारलं.

“सिग्नल अंगणातून येत होता, ताई. जागेच्या राखणदार देवाच्या घुमटीतून.”

“मेल्या, जागामालकालाच बाहेर काढलंस?”

घुमटीपुढे झेंडूची माळ आली, स्ट्रॉ घातलेली लाल सरबताची बाटली आली. अनुचाने ब्लॉक काढला आणि हात जोडून माफी मागितली. नेट धावू लागलं.

स्क्रीनवर त्या निनावी फोनला आता नाव आलं होतं: ‘शुगर वाढलीय, सरबत बिनसाखरेचं ठेवत जा.’