तीन दारांचं दुकान

“यापुढे जगातल्या कुठल्याच दुकानाला तोंड राहणार नाही,” चैतालीने जाहीर केलं आणि टेबलावर जागा नव्हती म्हणून लॅपटॉप शिवणयंत्रावर ठेवला.

सावळीराम पगारे यांनी मान डोलावली. पाटबंधारे खात्यातली सगळी नोकरी त्यांनी न समजलेल्या गोष्टींना मान डोलावून काढली होती. पेन्शनही त्याच मानेला मिळत होती.

त्यांची लेक नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड इंटरनेटवर विकायची. कळवणच्या बायका पापड करायच्या, सिडकोतल्या या घरातून पाकिटं रवाना व्हायची. इतके दिवस हा सुट्टीचा उद्योग होता. आता मात्र तिने बँकेतल्या नोकरीचा राजीनामा लिहून ठेवला होता. सोमवारी द्यायचा होता.

सुरुवातीला ऑर्डरच येत नव्हती. पोरगी नुसती फोनकडे बघत बसायची. ते बघवेना, म्हणून सावळीरामांनीच गुपचूप ऑर्डरी द्यायला घेतल्या. वेबसाइटवरून मनोज आहेर या मित्राच्या नावाने, ॲपवरून चांदवडच्या बहिणीच्या, आणि व्हॉट्सॲपवरून खात्यातल्या बोरसे हेडक्लार्कच्या. बोरसे वारले होते, पण पत्ता चालू होता. दुकानं तीन, गिऱ्हाइकं तीन, कोणाला काय कळणार?

“ते तोंडाचं जरा नीट सांग,” ते म्हणाले.

“साध्या दुकानात दर्शनी भाग आणि मागची खोली एकत्र बांधलेली असते, पप्पा. पुढे काही बदलायचं तर मागेही तोडफोड. मी दोन्ही वेगळी केली. माल, भाव, ऑर्डरी सगळं मागच्या खोलीत. पुढे दारं हवी तेवढी लावा, हवी तेव्हा बदला. याला हेडलेस, बिनतोंडाचं दुकान म्हणतात.”

“म्हणजे दुकानं तीन नाहीत?”

“दारं तीन. खोली एकच. कोण कुठल्या दाराने आलं, ते तिथे बसून दिसतं.”

सावळीरामांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“चैताली, राजीनामा नको देऊस. त्या ऑर्डरी...”

“तुमच्या आहेत. माहितीये. तिन्ही नावांपुढे मोबाइल नंबर तुमचाच. आणि बोरसेकाकांच्या अंत्यविधीला मी तुमच्यासोबतच होते.”

“मग राजीनामा कशाच्या जोरावर देतेस?”

“तुमच्या ऑर्डरी मी पहिल्यापासून बाजूला काढते. उरलेल्यांच्या जोरावर.”

उरलेल्या. म्हणजे होत्या. कुठली कुठली अनोळखी माणसं खुशाल पापड मागवत होती, संपले की परत मागवत होती. पोरीच्या मालावर विश्वास नव्हता तो फक्त घरातल्या माणसाचा. फसवणुकीचं ओझं घेऊन ते इतके दिवस फिरत होते. ते उतरलं, आणि त्याच खांद्यावर हे दुसरं येऊन बसलं. हे जास्त जड होतं.

चैतालीने लॅपटॉप मिटला. सावळीराम चष्मा पुसू लागले. मग घसा साफ करून, एखादा अर्ज द्यावा तसे म्हणाले,

“एक पापड भाजतेस का? इतके मागवले, पण सगळे बाहेरच धाडले. चव काही बघितली नाही.”