ट्रेसिंगचं कापड

"बाई, माही ट्रेसिंग कुठी हाये?" केवलरामनं सायकल दारातच आडवी टाकली आणि चपला न काढता तो तसाच घरात शिरला.

त्याची बहीण नलू पायाच्या अंगठ्यानं पाळण्याची दोरी हलवत तांदूळ निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही. "कोणती ट्रेसिंग?"

"कोणती म्हणून काय इचारतं? अक्षरं काढली होती थे. भाऊजी साहेबाले दाखवतो म्हणून घेऊन गेल्ले होते."

तासाभरापूर्वी कारखान्याच्या ट्रेनिंग शाळेत भय्याजी सरांनी त्याच्यापुढे नकाशाची एक निळी प्रत, ब्लूप्रिंट, टाकली होती. ड्रॉइंग ऑफिसातून आलेली. त्यावर सगळी अक्षरं त्याचीच होती, अगदी क पासून ह पर्यंत. कंपास आणि गुण्यानं काढलेली, प्रत्येक रेघ एकाच जाडीची, बोरूचा तिरकस काट कुठेच नाही. पत्र्यातून कापावीत, वरून रंगाचा बोळा फिरवावा, की भट्टीवरची पाटी तयार. या प्रोजेक्टला त्याला आठ महिने लागले होते. नुसत्या 'भ'ची गाठ गोल ठेवायची की चौकोनी, यात त्याचा एक आठवडा गेला होता. आणि त्या प्रतीच्या कोपऱ्यातल्या चौकटीत नाव होतं देवीदासचं. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याचं. केवलराम त्याच्याच क्वार्टरात राहत होता, रोज त्याच्या शेजारी पाट मांडून जेवत होता.

सर वाईट माणूस नव्हते. "मले पटते रे," ते म्हणाले होते, "पण माह्या पटण्यानं काय होते? तुह्या नावाची शाईतली मूळ ट्रेसिंग चार वाजेपर्यंत आणून दे. ड्रॉइंग ऑफिसात एकच पोरगा घेऊन राहिले. बाकीचे समदे शॉपमधी जातीन."

मूळ ट्रेसिंग हातची जाण्याआधी तिची निळी प्रत काढून ठेवायची, हे पहिल्याच महिन्यात शिकवलेलं असतं. केवलरामनं ती काढली नव्हती. घरच्या माणसापासून काय जपून ठेवायचं? उलट त्याला भाऊजींची कीवच यायची. देवीदास सहा वर्षं ट्रेसर होता. दुसऱ्यांच्या पेन्सिलीवर शाई फिरवायची आणि खाली दुसऱ्याचंच नाव लिहायचं. अशा माणसानं आपलं काम कौतुकानं मागितलं, याचाच त्याला केवढा आनंद झाला होता!

"बाई, मी तुले इचारून राहिलो."

नलूनं सूप बाजूला ठेवलं आणि मागच्या दाराकडे बोट दाखवलं. "दोरीवर हाये."

दोरीवर लेकराचं झबलं वाळत होतं. पांढरंशुभ्र, तलम.

केवलरामला समजायला वेळ लागला नाही: भाऊजींनी आपल्या नावानं दुसरी ट्रेसिंग उतरवून मूळ घरी आणली होती. रद्द झालेल्या कापडी ट्रेसिंग घरी आणायच्या, गरम पाण्यात भिजवायच्या, खळ आणि शाई निघून गेली की खाली मलमलीसारखं कापड उरायचं. ड्रॉइंग ऑफिसातल्या प्रत्येकाच्या घरात हे चालायचं. अर्ध्या सेक्टरातली लेकरं भट्ट्यांचे नकाशे अंगात घालून रांगत होती. त्यानं झबलं हातात घेतलं, उलटंपालटं केलं, उन्हासमोर धरलं. एक रेघ उरली नव्हती. टाके मात्र बारीक आणि सरळ होते.

तो आत आला आणि भिंतीला टेकून खाली बसला. त्याला रडू येत होतं, आणि बहिणीवर ओरडायचं नाही एवढं त्यानं मनाशी ठरवलं. भाऊजींशी काय ते नंतर बघता येईल. हिचा काय दोष? हिला कापड दिलं, हिनं धुतलं.

"जाऊ दे," तो म्हणाला. "तुले तरी काय मालूम."

नलू उठली. पेटी उघडून लुगड्यांच्या घडीखालून तिनं तळहाताएवढा एक तुकडा काढला आणि त्याच्या हातात दिला. कापड अजून कडक होतं, खळीचं, निळसर. वर काळ्या शाईत त्याची चौकट होती, आणि चौकटीत त्याच्याच अक्षरांत त्याचं नाव: केवलराम, प्रशिक्षणार्थी. बाकी काही नाही. कशाचा नकाशा, कोणती अक्षरं, काही म्हणजे काहीच नाही. हे घेऊन सरांकडे गेलं तर सर दोनदा उलटून पाहतील आणि परत देतील.

तो त्या तुकड्याकडे बघत राहिला. याच आठ महिन्यांत नलू वाचायला शिकली होती. तो जमिनीवर कागद पसरून बसला की ती शेजारी येऊन एकेका अक्षरावर बोट ठेवायची. तुही अक्षरं लय सोपी हायेत, म्हणायची. तिनं जोडून वाचलेला पहिला शब्द म्हणजे हेच नाव होतं.

"बाई," त्यानं हळूच विचारलं, "भिजवायच्या आधी तू हे वाचलं होतं?"

"वाचलं."

"मंग?"

पाळण्यात पोर कुरकुरलं. नलूनं दोरी ओढली, दोन झोके दिले, आणि केवलरामच्या डोक्यावरून हात फिरवला. त्याच्यावर केवढी मोठी माया केली असावी, अशा आवाजात ती म्हणाली, "त्याहीनं समदंच भिजवाले सांगतलं होतं, बापू. तुहं नाव तेवढं मी नाई भिजवलं."