चौकातले पांढरे पट्टे

पिंपरीत कामाला सायकलवर जाणारी माणसं ट्रकखाली येऊ लागली, म्हणून एकोणऐंशी साली हमरस्त्यावरचा आमचा चौक नव्याने आखला गेला. सायकलींना वेगळी वाट मिळाली, पायी जाणाऱ्यांना पांढरे पट्टे. सासूबाई पलीकडच्या मळ्यात निघाल्या, त्या पट्टे चुकवून, थेट ट्रकांमधून. हवालदार ओरडला, “आजी, मरशील! पट्ट्यांवरून चल!” “रांगोळीवर पाय देत्यात व्हय? तुज्या आयनं हेच शिकवलं?” मी हात धरून त्यांना मागे ओढलं. “आत्याबाई, रांगोळी न्हाई, पायऱ्या हायेत.” “असल्या सपाट?” “सरकारी हायेत.” त्यांना पटलं. तेवढ्यात भोंगा वाजला, शिफ्ट सुटली. हवालदाराने हात वर करून ट्रक अन् सायकली थांबवल्या. सासूबाईंनी वाकून पहिल्या पट्ट्याला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि पट्ट्यापट्ट्यावर पाय ठेवत पलीकडे गेल्या. वळून म्हणाल्या, “पायऱ्या झाल्या. देऊळ कवा बांधताय?”