दादाचा पहिला नंबर

मी बांधलेली गाण्याची चाल दादाने स्वतःच्या नावावर खपवली. वर म्हणाला, "तुझं नाव टाकलं असतं, तर कुत्र्यानंही ऐकलं नसतं!"

ऑनलाइन म्युझिक स्टोअरच्या यादीत ते गाणं पहिलं आलं आणि दादाचे पाय जमिनीवर ठरेनात. माझ्या फोनवर मात्र ते यादीत कुठेच नव्हतं. दोन्ही फोन गुपचूप शेजारी ठेवून पाहिल्यावर मला उलगडा झाला. ते स्टोअर ज्याला-त्याला त्याचंच सर्वांत जास्त ऐकलेलं गाणं वर दाखवतं, आणि दादा दिवसभर स्वतःलाच ऐकत होता.

"दादा, मोठा सत्कार ठेवूया," मी म्हटलं. भाषणही लिहून दिलं.



आत्ता सभागृहात तो ते स्वतःचं म्हणून वाचतोय : "मंडळी, आपापले फोन उघडा आणि पहिला नंबर कुणाचा, मोठ्याने सांगा!"