राजाची उडी

शिवकांतानं पहिलं प्यादं दोन घरं सरकवलं आणि दाराशी उभ्या असलेल्या तिच्या वडिलांचा, संगप्पांचा, जीव भांड्यात पडला. औशाला त्यांच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर प्यादं एकच घर चालायचं. देशी डाव तो. लातूरच्या या हॉलात सगळे कायदे परदेशी, आणि ते पोरीकडून नुकतेच घोटून घेतलेले.

जिल्हा नवाकोरा, त्याचा पहिलाच संघ निवडायचा होता. हा शेवटचा डाव. शिवकांता जिंकली तर संघात, आणि संघातल्या मुलींना कॉलेजच्या वसतिगृहात फुकट जागा. हरली तर कॉलेज सुटलंच म्हणा. दुष्काळानं दुकान बसलेलं, लातुरात खोली कोण घेऊन देणार? मग आहेच औसा, घागर आणि टँकरची रांग.

समोर वकिलाची सौदामिनी. तिनं वजीर लवकरच बाहेर काढला. शिवकांता काही बिचकली नाही. तिनं राजा उचलला, घोड्यासारखा अडीच घरं उडवला आणि त्याला झोकात आडोशाला बसवलं.

"शाब्बास!" संगप्पा मोठ्यानं बोलून गेले.

सगळा हॉल वळून बघायला लागला. पोरगीही गालात हसली. सौदामिनीनं हात वर केला, पंच उठून आले, तेव्हा कुठं संगप्पांच्या डोक्यात उजेड पडला. राजाला एकदा घोड्याची उडी, हा तर देशी डावातला कायदा! ह्याच उडीवर त्यांनी ओट्यावर भल्याभल्यांना पाणी पाजलं होतं, अन् पोरगी ती त्यांच्या मांडीवर बसून शिकली होती. अरे देवा!

"अशी चाल नसते, बाळ," पंच म्हणाले. "राजा मागं घे. पण हात लागलाय, आता राजाच हलवावा लागंल."

राजाला जायला एकच घर होतं, समोरचं, उघड्यावरचं. शिवकांतानं वडिलांकडं पाहिलं. पंचांची नजर संगप्पांवरच होती. त्यांना साधी मानसुद्धा हलवता येईना. तिनं राजा पुढं केला. सौदामिनीचा वजीर आला, पाठोपाठ उंट आला, आणि थोड्याच चालींत डाव आटोपला.

संगप्पा पोरीला घेऊन बाहेर उन्हात आले.

"माझंच चुकलं गं..." एवढंच ते कसंबसं बोलले.

"अप्पा, ऐका," शिवकांता म्हणाली. "आईला सांगू, समोरची लई हुशार होती. राजाचं तुमी काई बोलू नका."