मांडीवरची दीक्षा

निगेटिव्हच्या जुन्या पाकिटावर फोटोग्राफर गयासुद्दीनच्या अक्षरात लिहिलं होतं: मनकर्णाबाई, मुलगी दीक्षासह.

"सापडली," त्यांची मुलगी महेजबीन म्हणाली, आणि दीक्षाचा जीव भांड्यात पडला.

आई नुकतीच वारलेली; रविवारी तिचं पुण्यानुमोदन, श्रद्धांजलीचा कार्यक्रम. कापसाला भाव नाही, म्हणून पुंजाजीकाकाचा डोळा आईच्या दोन एकरांवर. पण त्यासाठी माणसानं काय वाट्टेल ते बोलावं? चार लोकांत म्हणाला, "तू मनकर्णाच्या पोटची नाहीस. तुले आनलं हाये." दीक्षाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. घरातला फोटो वाळवीनं खाल्लेला, तोही पायांपाशी कापलेला. त्यात आई होती आणि तिच्या मांडीवर टकामका बघणारी दीक्षा. याहून मोठा पुरावा कोणता?

जुन्या शहरातला स्टुडिओ बंद पडल्यापासून महेजबीन अब्बांच्या निगेटिव्ह घरीच कॉम्प्युटरवर चढवायची. तिनं ही पंज्याएवढी निगेटिव्ह स्कॅनरवर ठेवली.

"तुमच्या अब्बाच्या पेन्सिलीचं लय नाव होतं म्हनतात," दीक्षा म्हणाली.

"मंग? फोटोत कोनाचे डोळे मिटले, का अब्बा निगेटिव्हवर बारीक पेन्सिलनं उघडून देत. गिऱ्हाइकाले पत्ताच नाही."

"त्या टायमाले तान्ह्या लेकराचा फोटो कोनी काढत नव्हतं. नजर लागते म्हनत. मायी माय काही असल्याले भीक घालनारी नव्हती."

बाजेवरून गयासुद्दीन म्हणाले, "महेजबीन, उसको साफ मत कर. जैसा है वैसाच दे दे."

"अब्बा, किती डाग हायेत त्याच्यावर."

म्हाताऱ्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

पडद्यावर आई उमटली. तरणीताठी, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. मांडीवरचं बाळ थेट दीक्षाकडे बघत होतं. दीक्षाला रडूच फुटलं. आता बोलायची काकाची काय बिशाद होती?

"थांबा ताई, धूळ काढतो," म्हणत महेजबीननं माऊस टिचकवला.

सॉफ्टवेअर वरून खाली सरकू लागलं. आईच्या कपाळावरचा ओरखडा गेला. पदरावरचे ठिपके गेले. मग ते बाळाच्या तोंडावर आलं, आणि बाळाचे डोळे मिटले.

"हे काय केलं?" दीक्षानं विचारलं.

महेजबीनचा हात माऊसवर तसाच राहिला. "त्यानं अब्बाची पेन्सिल पुसली. त्याले तो कचराच वाटला."

"मंग मी झोपली असन. लेकरू झोपतेच ना."

दीक्षानं स्वतःच माऊस घेतला आणि फोटो वर सरकवला. घरच्या फोटोत कापलेला भाग पहिल्यांदाच तिच्या नजरेला पडला. बाळाच्या दोन्ही पायांचे अंगठे पांढऱ्या दोऱ्यानं एकत्र बांधलेले होते, आई गेली तेव्हा तिचे बांधले होते तसे.