चोरओटी

पाटावर बसलेल्या गरोदर लेकीच्या, प्राचीच्या, ओटीत सासूबाईंनी तांदूळ आणि नारळ घातला आणि मागे न बघताच म्हणाल्या, "नयना, तू आत चहाचं बघ. ओटीला हात लावू नकोस." जमलेल्या चौघी बायकांनी माना खाली घातल्या.

दोन वर्षांपूर्वी नयना याच पाटावर बसली होती. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीची तारीख मिळाली होती, पण "चोरओटी झाल्याशिवाय पोटाला मशीन लावायचं नाही," असं सासूबाईंनी बजावलं. मुहूर्त लांबत गेला, तपासणी राहूनच गेली. बाळ दोन दिवस जगलं. हृदयातला दोष वेळेत कळला असता तर पुण्यात बाळंतपण करून ते वाचवता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. सासूबाईंनी मात्र गावभर सुनेचा पायगुण काढला.

नयनानं गॅस बंद केला. बाहेर येऊन तिनं प्राचीच्या ओटीतला नारळ उचलून सासूबाईंच्या हातात दिला आणि त्या जागी सोनोग्राफीचा कागद ठेवला. त्यावर प्राचीचं नाव होतं आणि आजची साडेअकराची वेळ.

"माझी तारीख तुम्ही चुकवलीत, आई. तुमच्या लेकीचीही चुकू द्यायची, असं पंधरा दिवस मनात होतं. मग वाटलं, पोट तिचं आहे, तुमचं नाही. काल मीच जाऊन तिची वेळ घेतली."

प्राचीनं कागद वाचला आणि ती ताडकन उठली. ओटीतले तांदूळ आईच्या पायांवर सांडले.

"वहिनी, चल. उशीर होईल."

नयनानं दारातून वळून बघितलं. सासूबाई नारळ धरून तशाच उभ्या होत्या.

"आई, चहाचं तेवढं बघा."